हापूसच्या कलमांची छाटणी आणि कल्टार: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

हापूस स्वभावानेच वर्षाआड फळतो. ज्या वर्षी खांद्या मोहराने भरतात, त्या वर्षी नवी पालवी फारशी निघत नाही आणि पुढच्या हंगामात मोहर धरायला पक्व काडीच उरत नाही. त्यात कोकणातला पाऊस. जून ते सप्टेंबर जमीन ओलीगच्च असते, झाडात जिबरेलिन हे वाढीचे संजीवक तयार होत राहते आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात मोहराच्या जागी पुन्हा तांबूस कोवळी पालवी डोकावते. बाजारात कल्टार नावाने ओळखले जाणारे पॅक्लोब्युट्राझॉल जिबरेलिनची निर्मिती रोखते. शेंडा थांबतो, काडीत अन्नसाठा होतो आणि डोळा मोहराकडे वळतो.

त्याचे काम इथे संपते. कल्टार म्हणजे खत नव्हे. झाडाकडे जो साठा आहे तो पालवीऐवजी मोहराला द्यायला ते भाग पाडते. साठाच नसेल तर झाड स्वतःला खाऊन मोहर काढते, एक-दोन वर्षे बागायतदार खूश होतो आणि मग कलम बसते, म्हणजे वाढीला आणि फळायला थकते. म्हणून कामाचा क्रम असा धरा: आधी झाडांची निवड, मग छाटणी, मग खत आणि सगळ्यात शेवटी कल्टार. बहुतेक नवखे हा क्रम उलटा लावतात, कारण बाटली विकत आणणे सगळ्यात सोपे असते.

कोणत्या कलमांना द्यायचे

ही निवड मे महिन्यात, काढणी चालू असतानाच करा. त्या वेळी कोणते कलम किती धरले आहे ते डोळ्यांसमोर असते. प्रत्येक कलमाला रंगाने किंवा पत्र्याच्या बिल्ल्याने क्रमांक द्या आणि वही करा. पुढे मात्रा ठरवताना या वहीवाचून काहीच सुचत नाही.

कलम किमान दहा वर्षांचे आणि निरोगी हवे. पान गर्द हिरवे, काडी पेन्सिलीएवढी जाड, घेर भरलेला असे झाड घ्या. पुढील कलमे पहिल्या वर्षी सरळ बाजूला ठेवा: बुंध्यातून डिंक वाहणारी, खोडकिड्याचा भुसा पडणारी, बांडगुळाने माखलेली आणि गेली दोन-तीन वर्षे खत न मिळालेली. रत्ना किंवा सिंधू लावले असतील तर त्यांना हापूसचा नियम लावू नका. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात तयार झालेल्या या संकरित जाती नियमित फळण्यासाठीच निवडलेल्या आहेत.

छाटणी: किती, कुठे, कधी

दोन छाटण्या वेगळ्या आहेत आणि त्यांची गल्लत महाग पडते.

पहिली दरवर्षीची हलकी छाटणी. ती काढणी संपताच, मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत उरकायची. जूनमध्ये छाटलेल्या काडीवर पावसात फूट येते आणि मोहराच्या वेळेपर्यंत ती पक्व व्हायला तीन-चार महिने मिळतात. हीच छाटणी गणपतीनंतर केली तर फूट ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते आणि मोहराच्या दिवसांत झाडावर कोवळी पालवी असते. त्या वर्षीचे पीक तिथेच गेले. हात जरा उशिरा मोकळा झाला म्हणून ऑगस्टमध्ये कोयती उचलू नका. त्या वर्षी फक्त सुकलेले काढा.

पहिले बांडगूळ. कोकणातल्या जुन्या बागांत याच्याइतके पीक कोणी खात नाही. नुसते ओरबाडून काढले तर त्याची मुळे फांदीच्या आत शिल्लक राहतात आणि ते परत फुटते. जिथे ते चिकटले आहे तिथून वीतभर खाली, म्हणजे खोडाच्या बाजूला, फांदीच कापावी लागते. बांडगुळाची फळे पिकण्याआधी काढले तर पक्ष्यांमार्फत होणारा प्रसार थांबतो. शेजारच्या बागेतही ते असेल तर दोघांनी एकाच वेळी काढायचे, एरवी वर्षभरात पाहुणा परत येतो.

मग सुकलेल्या, किडक्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि जमिनीकडे लोळणाऱ्या खांद्या. जमिनीपासून अडीच-तीन फुटांपर्यंतचा घेर मोकळा करा. पावसाचे शिंतोडे उडून तिथूनच करपा वर चढतो.

त्यानंतर मधला भाग. झाडाखाली दुपारी बारा वाजता उभे राहा. जमिनीवर उन्हाचे कवडसे ठिकठिकाणी दिसले पाहिजेत. गडद सावली असेल तर मध्यावरून सरळ वर गेलेली एक, फार तर दोन खांद्या मुळापासून काढा. सूर्यप्रकाश आत पोहोचला की आतल्या काड्याही मोहर धरतात. हवा खेळली की तुडतुडे आणि भुरी कमी होते आणि फवारणीचे पाणी पानापर्यंत जाते. एका वर्षात घेराच्या पाव भागापेक्षा जास्त कापू नका. जास्त कापले की झाड घाबरून सरळ, जोमदार पाणफुटी काढते. तिला मोहर येत नाही.

जाड खांदी तीन कापांत काढायची. बुंध्यापासून फूटभर अंतरावर आधी खालून, जाडीच्या साधारण एक-तृतीयांश खोल काप द्या. मग त्याच्या दोन-तीन इंच पुढे वरून कापा. खांदी पडते, पण खालचा काप असल्यामुळे साल बुंध्यापर्यंत सोलत जात नाही. राहिलेला ठोंब शेवटी खांदीच्या मुळाशी जी फुगीर कडी असते तिच्या बाहेरून सफाईने काढा. कडीसकट सपाट कापले तर जखम वर्षानुवर्षे भरत नाही, आणि लांब खुंटी ठेवली तर ती सडून सड आत जाते.

कापलेल्या जागेवर त्याच दिवशी बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. मोरचूद ५ लिटर पाण्यात प्लॅस्टिकच्या बादलीत विरघळवा, चुना दुसऱ्या बादलीत उरलेल्या ५ लिटरमध्ये विझवून गाळून घ्या, मग दोन्ही एकत्र ओतून ढवळा. लोखंडी घमेले वापरू नका. मिश्रण बरोबर जमले का ते पाहायला कोयतीचे स्वच्छ पाते त्यात मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, थोडी निवळी आणखी घाला. ही पेस्ट त्याच दिवशी संपवायची, दुसऱ्या दिवशी तिचा उपयोग नाही. आणि छाटणीसाठी पाऊस उघडलेला दिवस निवडा, ओल्या जखमेवर पेस्ट टिकत नाही.

दुसरी छाटणी म्हणजे जुन्या बागेचे पुनरुज्जीवन. चाळीस-पन्नास फूट उंच गेलेली, एकमेकांत घुसलेली, फळ फक्त शेंड्यावर धरणारी कलमे यासाठी असतात. कोकणात ती पाऊस संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात करतात. मुख्य खांद्या जमिनीपासून बारा ते पंधरा फुटांवर कापतात. मग प्रत्येक खांदीवर झुबक्याने फूट येते. ती वीतभर झाली की बाहेरच्या बाजूला वाढणारे दोन-चार जोमदार कोंब ठेवून बाकीचे काढायचे. हे विरळणीचे काम कोणी केले नाही म्हणून किती बागा पुन्हा झुडुपासारख्या झाल्या आहेत. फळ साधारण तिसऱ्या वर्षापासून सुरू होते, म्हणून सगळी बाग एकदम कापू नका. एक ओळ सोडून एक घ्या.

या छाटणीनंतर उघडे पडलेले खोड उन्हाने भाजते आणि खोडकिडा तिथेच अंडी घालतो. बुंध्याला आणि जाड खांद्यांना चुन्याचा किंवा बोर्डो पेस्टचा हात द्या. दर पंधरा दिवसांनी खोडावर भुसा किंवा ओघळ दिसतो का ते पाहा. छिद्र सापडले तर तारेच्या आकड्याने अळी बाहेर ओढून मारा, आंब्यासाठी शिफारस असलेले कीटकनाशक आत सोडा आणि छिद्र चिखलाने लिंपा. अशी कलमे सावरायला वेळ लागतो. नवी फूट दोन हंगाम पक्व होऊन घेर धरेपर्यंत त्यांना कल्टारचा विचार नको.

खत

दहा वर्षांवरच्या हापूस कलमाला दरवर्षी ५० किलो शेणखत, १.५ किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद आणि १ किलो पालाश. दुकानातल्या भाषेत सुमारे ३ किलो युरिया, ३ किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि २ किलो सल्फेट ऑफ पोटॅश. घेराच्या कडेपासून हातभर आत गोल चर काढा, दीड-दोन फूट रुंद आणि वीतभरापेक्षा कमी खोल. त्यात खत टाकून माती ओढा. पावसाची सुरुवात झाली, जमीन भिजली की लगेच. उतारावरच्या बागेत पूर्ण गोल चर काढू नका, वरच्या बाजूला अर्धगोल पुरतो. पाण्याबरोबर खत खालीच उतरते.

कल्टार देणाऱ्या कलमांना हे खत पूर्ण मिळालेच पाहिजे. अर्धे खत द्यायचे असेल तर त्या वर्षी कल्टार देऊ नये, हे बरे.

कल्टार देणे

वेळ १५ जुलै ते १५ ऑगस्ट. आधी दिले तर जूनच्या छाटणीची फूट आखूड आणि अर्धवट राहते. उशिरा दिले तर मुळांनी ते घेऊन शेंड्यापर्यंत पोहोचवायला ओल आणि दिवस दोन्ही कमी पडतात.

माप असे. झाडाच्या घेराचा पूर्व-पश्चिम व्यास टेपने मोजा, मग दक्षिण-उत्तर. दोन्हींची बेरीज करून निम्मी करा. येणाऱ्या प्रत्येक मीटरला ०.७५ ग्रॅम पॅक्लोब्युट्राझॉल, म्हणजे ३ मिली कल्टार. बाटलीवर २३ टक्के लिहिलेले असते, ते वजनी प्रमाण आहे. लिटरमध्ये सुमारे २५० ग्रॅम घटक असतो आणि ३ मिलीचे गणित त्यावरून आलेले आहे. दुसऱ्या तीव्रतेचे औषध हातात आले तर मिली विसरा आणि ग्रॅमवरून हिशेब करा.

उदाहरण घ्या. पूर्व-पश्चिम ९ मीटर, दक्षिण-उत्तर ७ मीटर. सरासरी ८ मीटर. आठ त्रिक चोवीस, म्हणून २४ मिली. सहा मीटरच्या कलमाला १८ मिली, दहा मीटरच्या कलमाला ३० मिली. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे बुंध्यापासून कडेपर्यंतचे अंतर मोजून त्यालाच व्यास समजणे. मग मात्रा निम्मी पडते आणि दोष औषधाला जातो. उलट चूक फुटांची: २६ फुटांच्या झाडाला २६ मीटर धरून ७८ मिली ओतले की पुढची काही वर्षे त्या झाडाकडे बघवत नाही.

मोजायला औषधाचे झाकण चालत नाही. इंजेक्शनची २० मिलीची सिरिंज किंवा मोजपात्र आणा. बाटली आधी चांगली हलवा, औषध तळाशी बसते.

झाडाखालचे गवत आणि रान आदल्या दिवशी बेणून घ्या, नाहीतर औषधाचा वाटा तेच घेते. हळद, जायफळ, मिरी अशी आंतरपिके असतील तिथे जपून. त्यांचीही वाढ खुंटते. जमीन ओलसर हवी, पण मुसळधार पाऊस चालू असताना किंवा येण्याच्या बेतात असताना काम काढू नका.

आता खड्डे. बुंधा आणि घेराची कड यांच्या बरोबर मध्यावर गोल आखा. आठ मीटरच्या कलमात हे अंतर बुंध्यापासून २ मीटर येते. त्या गोलावर पहारीने १० ते १२ सेंटिमीटर खोल २५ ते ३० खड्डे मारा. दोन खड्ड्यांत साधारण हातभर अंतर पडते. कातळावरच्या बागेत माती कमी असते. पहार दगडाला लागली तर तो खड्डा सोडून बाजूला घ्या. कातळाच्या फटीत ओतलेले औषध कोणत्याच मुळाला मिळत नाही.

२४ मिली औषध ६ लिटर पाण्यात मिसळा आणि ३० खड्ड्यांत प्रत्येकी २०० मिली ओता. एकच मापाचा डबा वापरा. एका बाजूला जास्त ओतले की त्याच बाजूच्या खांद्या मोहरतात आणि दुसरी बाजू पालवी काढते. ओतून झाल्यावर पायाने माती ओढून खड्डे बुजवा. हातमोजे घाला, मिश्रण मोकळ्या हाताने ढवळू नका आणि रिकाम्या बाटल्या विहिरीजवळ टाकू नका. वहीत तारीख, व्यास आणि मिली लगेच लिहा, संध्याकाळी आठवत नाही.

ऑक्टोबर ते मोहर

पाऊस गेल्यावर झाडाला पाणी देऊ नका. जमिनीची ओल कमी होणे आणि थंडी सुरू होणे, या दोन इशाऱ्यांवर डोळा फुगतो. कल्टार दिलेल्या कलमांना इतरांपेक्षा लवकर, बऱ्याचदा नोव्हेंबरातच मोहर दिसू लागतो. लवकर मोहर म्हणजे लवकर फळ आणि पहिल्या पेट्यांचा भाव. पण त्याच मोहराला अवकाळी पावसाचा धोकाही जास्त. पाऊस पडून ढगाळ हवा राहिली की करपा येतो. म्हणून सगळी बाग एकाच वर्षी लवकर मोहरायला लावण्यापेक्षा निम्म्या कलमांपासून सुरुवात करणे शहाणपणाचे.

मोहर फुटण्याआधी पालवीवर आणि खोडावर तुडतुडे आहेत का ते पाहा. तेव्हाची एक फवारणी पुढच्या दोन वाचवते. मोहर पूर्ण उमललेला असताना कीटकनाशक फवारू नका. त्या दिवसांत माश्या आणि मधमाश्या परागीभवन करत असतात.

मोहर आल्यावरची संजीवके

डिसेंबर-जानेवारीत थंडी लांबली की हापूसमध्ये पुनर्मोहराची अडचण येते. मोहरीएवढे, वाटाण्याएवढे फळ धरलेल्या खांदीवरच नवा मोहर फुटतो, अन्न तिकडे वळते आणि आधीचे फळ गळते. यावर जिबरेलिक ॲसिड ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५० भाग) फवारतात: १ ग्रॅम पावडर २० लिटर पाण्यात. पावडर पाण्यात सहज विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाण्यात ओता. पहिली फवारणी मोहर उमललेला असताना, दुसरी फळ वाटाण्याएवढे होईपर्यंत. गंमत अशी की जुलैत ज्या जिबरेलिनला रोखायला पैसे घातले, तेच जानेवारीत बाहेरून विकत आणून फवारायचे. म्हणूनच ही फवारणी भरपूर मोहर आलेल्या कलमांवरच करा. मोहर अजून यायचा असलेल्या झाडावर ती पडली तर येणारा मोहरही थांबतो.

फळगळीसाठी नॅप्थील ॲसेटिक ॲसिड २० पीपीएम. बाजारातल्या ४.५ टक्के द्रावणाचे ४.५ मिली १० लिटर पाण्यात, फळ वाटाण्याएवढे असताना. ‘जरा जास्त घातले तर जास्त टिकेल’ हे इथे चालत नाही: मात्रा वाढली की हेच औषध फळ गाळते.

फळाच्या आकारासाठी १ टक्का पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे १३:०:४५ हे खत १० लिटरला १०० ग्रॅम, तीन वेळा फवारावे: वाटाणा, गोटी आणि अंडे एवढ्या फळावर. पाण्याची सोय असेल तर फळ वाटाण्याएवढे झाल्यावर दर पंधरा दिवसांनी कलमाला १५० ते २०० लिटर पाणी, तीन-चार वेळा, आणि आळ्यात सुक्या गवताचे आच्छादन. कल्टारवर फळ जास्त धरते, तेव्हा पाण्यावाचून ते लहान राहते आणि गळते.

जास्त झाले हे कसे ओळखायचे

पॅक्लोब्युट्राझॉल जमिनीत लवकर नाहीसे होत नाही. मागच्या वर्षीचा काही भाग या वर्षीही काम करत असतो. म्हणून दरवर्षी जुलैत माप घेण्याआधी काडी पाहा. नवी काडी बोटाएवढीच आखूड, पाने जाड, लहान आणि एकाच जागी गुच्छासारखी, मोहराचा तुरा लांब होण्याऐवजी कोबीच्या गड्ड्यासारखा आखडलेला, अशी लक्षणे असतील तर त्या वर्षी कल्टार बंद. आखडलेल्या तुऱ्यात हवा खेळत नाही, भुरी आणि तुडतुडे तिथेच राहतात आणि फळ धरले तरी एकमेकांना ढकलून गळते. अशा कलमाला हलकी छाटणी, पूर्ण खत, भरपूर शेणखत आणि एक-दोन वर्षे विश्रांती द्या. पालवी पुन्हा मोकळी, वीतभर लांब येऊ लागली की मगच कमी मात्रेने सुरुवात. फूट नेहमीसारखी आहे आणि मोहर चांगला आला होता, त्या कलमांना तीच मात्रा चालेल, पण व्यास नव्याने मोजून. मागच्या वहीतला आकडा उचलू नका, छाटणीनंतर घेर बदललेला असतो.

आणि बाग कराराने द्यायची असेल तर करारात कल्टारची ओळ घाला. दोन-तीन वर्षांसाठी बाग घेणाऱ्याला झाड पुढे कसे राहील याची चिंता नसते, दुप्पट मात्रेचे पीक तो घेऊन जातो आणि बसलेली कलमे मालकाकडे राहतात. कोणत्या क्रमांकाच्या कलमाला किती मिली आणि त्या वर्षी किती खत, हे लिहून घ्या आणि ओतताना स्वतः किंवा घरातले कोणीतरी तिथे हजर राहा.